वाटेत काय लागलं?

भाची दिवाळीला आली की तिचा लॅपटॉपही जेवणाच्या टेबलावर येतो. चिवड्याचा डबा, करंज्यांचं ताट आणि त्यांच्यामधे तो. यंदा ती एका आलेखाकडे टक लावून बसली होती. पडद्यावर खूपसे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला वर-खाली एक बारीक काडी, आणि सगळे मिळून सावकाश वर चढून पुन्हा उतरणीला लागलेले. चहाचा कप ठेवता ठेवता मी विचारलं, "हे काय गं?" म्हणाली, "पल्सारचं टायमिंग." पल्सार म्हणजे गरगर फिरत नेमानं रेडिओ लहरींचे ठोके देणारं मेलेल्या ताऱ्याचं गाठोडं, आणि ते ठोके नेमके कधी पोचतात ते ती मोजते. "मग हा चढउतार पल्सारचा?" "छे! तो पल्सार आणि आपण यांच्या मधल्या प्लाझ्माचा, सुट्या इलेक्ट्रॉनांच्या विरळ वायूचा. काढून टाकायचा असतो तो. नको असतो आम्हाला." असं म्हणून तिनं दोन कळा दाबल्या आणि चढउतार गेला. ठिपके एका आडव्या रेघेवर शहाण्यासारखे बसले. भाचीनं समाधानानं करंजी उचलली.

मला मात्र ते 'नको' उगीचच लागलं.

लागायचं खरं तर काही कारण नव्हतं. प्लाझ्मा माझ्या कुळातला नाही. पण माझी सगळी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमधे, परगावचे फोन हातानं जोडून देण्यात गेली, एसटीडी घरोघरी पोचण्याच्या आधीच्या काळात. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड, बाजूला कॉलच्या तिकिटांची चळत. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. दोन्हीकडच्या पार्ट्या जोडून दिल्या की त्यांचं बोलणं ऐकायचं नाही, असा दंडक होता, आणि खरं सांगते, ऐकावंसं वाटायचंही नाही. माणसं ट्रंक कॉलवर तीच तीन-चार वाक्यं बोलतात. ऐकायची ती लाइन. खांबांवरून उघड्या तारा गेलेल्या असत, ती लाइन पावसाळ्यात तडतडायची. कॅरिअरची लाइन बारीक शीळ घालायची. मायक्रोवेव्हची स्वच्छ, जरा पोकळ. घाटात पाऊस सुरू झालाय हे मला कोकणातल्या कॉलवरून कळायचं, पेपरात दुसऱ्या दिवशी यायचं. बोलणारा बिचारा "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणून कोकलत असायचा. त्याला ती खरखर नको असायची, आणि त्याचं बरोबरच होतं, तो मिनिटांचे पैसे मोजत होता. माझ्या दृष्टीनं मात्र खरखर हीच बातमी होती. कुठल्या टप्प्यात काय बिघडलंय, ते तिच्यातूनच कळायचं. एसटीडी आलं, बोर्ड गेले, आणि ते कानही बिनकामाचे झाले. त्यामुळे भाचीनं दोन कळा दाबून मधली वाट पुसून टाकली तेव्हा माझ्यातली ऑपरेटर फणकारली असणार.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे, आणि भाचीला फोन करून पिडते आहे.

गंमत अशी की ही सगळी गोष्टच लाइनच्या खरखरीपासून सुरू झाली. १९६७ साली केंब्रिजजवळ साडेचार एकरांच्या शेतात खांब रोवून, तारा ताणून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ अँटनी ह्युईश यांनी २,०४८ डायपोलांची, म्हणजे साध्या तारांच्या अँटेनांची, जी दुर्बीण उभी केली, ती पल्सारसाठी नव्हतीच. पल्सार हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. त्यांना हवं होतं लुकलुकणं. सूर्यातून सतत प्लाझ्मा बाहेर वाहत असतो, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि सुटी अणुकेंद्रं. त्याच्या गुठळ्यांतून दूरच्या रेडिओ स्रोताच्या लहरी आल्या की त्या लुकलुकतात. मोठे, पसरट स्रोत लुकलुकत नाहीत, बारके लुकलुकतात. चांदणी लुकलुकते आणि गुरू लुकलुकत नाही, त्यामागचंही कारण हेच. ह्युईशना त्यावरून क्वेझार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांचे झगझगते गाभे, हुडकायचे होते. आता लुकलुकणं पकडायचं तर सिग्नलची सावकाश सरासरी काढून चालत नाही, सेकंदाच्या अंशात कमी-जास्त होणारं टिपावं लागतं. शिवाय तोच आकाशाचा पट्टा पुन्हा पुन्हा बघावा लागतो. बाकीच्या रेडिओ दुर्बिणी तेव्हा सरासरी काढून मोकळ्या व्हायच्या. ही एकच दुर्बीण अशी होती की जिला घाई कळत होती.

त्या दुर्बिणीतून रोज तीसेक मीटर कागद बाहेर पडायचा. शाईची पेन, सरकता कागद, आणि तो सगळा डोळ्यांनी वाचणारी एक विद्यार्थिनी. हे मला फार जवळचं वाटतं. जोसेलिन बेल यांना खरं लुकलुकणं कसं दिसतं ते ठाऊक झालं होतं, आणि माणसांनी केलेला खडखडाट, म्हणजे मोटारींच्या ठिणग्या वगैरे, तोही कसा दिसतो ते ठाऊक झालं होतं. ऑगस्टमधे कागदावर एक गिचमीड दिसली ती या दोन्हींत बसेना. वर ती आली होती सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या आकाशातून, जिथे सौरप्लाझ्मामुळे लुकलुकणं जवळजवळ नसायलाच हवं. बेलनी ती लक्षात ठेवली, पुन्हा आली तेव्हा ओळखली. २८ नोव्हेंबरला कागद वेगानं सोडला तेव्हा पेन ठोके देऊ लागली, सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतरानं एक, नेमानं. पुढे नोबेल ह्युईशना मिळालं आणि बेलना नाही ते सगळ्यांना माहीत आहे, तो राग इथे आळवत नाही. मला भावतं ते एवढंच की लाइनची खरखर ऐकायला बसलेल्यांच्या कानावर पलीकडचं माणूस आलं.

आणि मग लगेच पात्रांची अदलाबदल झाली. फेब्रुवारी १९६८ मधे पल्सारची बातमी छापून आली, त्याच निबंधात मधल्या प्लाझ्माचा हिशोब आहे. झालं असं की पल्सारचा एकच ठोका वरच्या फ्रिक्वेन्सीवर आधी पोचतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर मागाहून. निघताना दोन्ही बरोबर निघालेले असतात. वाटेतले सुटे इलेक्ट्रॉन खालच्या फ्रिक्वेन्सीला जास्त अडवतात. जितके इलेक्ट्रॉन वाटेत, तितका उशीर. घन सेंटिमीटरला ०.२ इलेक्ट्रॉन असतील असं धरून त्यांनी अंतर काढलं, ६५ पार्सेक, म्हणजे दोनशेहून थोडी जास्त प्रकाशवर्षं. आज सरासरी ०.०३ च्या आसपास धरतात, त्यामुळे तो तारा काही न करता बराच लांब गेला. माप तेच, फूटपट्टी बदलली.

०.०३ म्हणजे किती, ते मला बराच वेळ उमगत नव्हतं. एक लिटरचं पातेलं घेतलं तर त्यात तीस इलेक्ट्रॉन. रिकामंच म्हणायला हवं. पण वाट लांब असली की रिकामपणाचंही ओझं होतं. वृषभेतल्या क्रॅब पल्सारचं बघा. १०५४ साली ज्या ताऱ्याचा स्फोट लोकांनी दिवसाढवळ्या पाहिला, त्याचं उरलेलं गाभ्याचं हाड, सुमारे वीस किलोमीटर व्यासाचं, सेकंदाला तीस वेळा गरगरतं आहे. अंतर साडेसहा हजार प्रकाशवर्षांच्या घरात. एवढ्या वाटेवरचे सगळे सुटे इलेक्ट्रॉन एक चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नळीत गोळा केले, तर त्यांची संख्या आपल्या नाकासमोरच्या सात सेंटिमीटर हवेतल्या रेणूंइतकी भरते. मी हा हिशोब भाचीकडून तपासून घेतला, कारण माझा विश्वास बसेना. आणि या सात सेंटिमीटरभर मालानं काय होतं? १४०० मेगाहर्ट्झवर पोचलेला ठोका ४०० मेगाहर्ट्झवर यायला आणखी १.३५ सेकंद लागतात. तेवढ्यात तो पल्सार आपल्याभोवती चाळीसेक वेळा फिरून झालेला असतो.

या सगळ्यात प्रत्यक्ष तिथे जाऊन आलेलं कुणी आहे का, तर आहे, निदान उंबऱ्यापर्यंत. ऑगस्ट २०१२ मधे व्हॉयेजर-१ हे यान सूर्याच्या प्लाझ्माची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या प्लाझ्मात शिरलं. त्याच्यावरच्या यंत्राला प्लाझ्माची थरथर कळते आणि थरथरीच्या फ्रिक्वेन्सीवरून घनता. ती निघाली घन सेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन. आधी ती थरथर फक्त सूर्याकडून एखादा धक्का आला की ऐकू यायची. २०२१ मधे स्टेला ओकर यांनी आकडेवारी नीट चाळून दाखवलं की धक्के नसतानाही एक अगदी क्षीण, एकसुरी गुणगुण अखंड चालूच आहे. हे वाचलं त्या रात्री मला कॅरिअरच्या लाइनची शीळ आठवून झोप लागली नाही.

पण नुसता उशीर असता तर गोष्ट सोपी होती. प्लाझ्मा सारखा पसरलेला नाही, खळबळलेला आहे. त्यामुळे लहरी सरळ एका वाटेनं येत नाहीत. थोड्या इकडून, थोड्या तिकडून वळसा घालून येतात. वळसा घातलेल्या मागाहून पोचतात, म्हणून ठोक्याला शेपूट फुटतं. चढताना एकदम उभा, उतरताना रेंगाळत. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की हे शेपूट सोळा ते वीस पटींनी लांबतं, आणि फार दूरच्या पल्सारचं खालच्या फ्रिक्वेन्सीवर इतकं लांबतं की एका ठोक्याचं शेपूट दुसऱ्याच्या अंगावर जातं आणि ठोके दिसेनासे होतात. पल्सार तिथे असतो, नियमानं ठोके देत असतो, आपल्याला नुसती गुंगुं ऐकू येते.

आणि निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, तेव्हा लुकलुकणं. "थांब, दाखवते," म्हणून भाचीनं व्हिडिओ कॉलवर एक चित्र उघडलं. आडवा वेळ, तासाभराचा. उभी फ्रिक्वेन्सी. चित्रभर उजेडाचे पुंजके विखुरलेले, मधे काळोखाच्या खाचा. पुंजके सरळ उभे नव्हते, कललेले होते. काही डावीकडे, काही उजवीकडे, आणि जिथे दोन कल एकमेकांना छेदत होते तिथे बारीक विणीची जाळी झाली होती. काही फ्रिक्वेन्सींवर लहरी एकमेकींना साथ देतात, तिथे उजेड. काहींवर एकमेकींना मारतात, तिथे काळोख. पल्सार सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं चाललेला असतो, म्हणून ही जाळी सरकत राहते. आत्ता इथे उजेड असलेल्या फ्रिक्वेन्सीवर दहा मिनिटांनी काळोख. मी विचारलं, "ह्यात पल्सारचा हात किती?" म्हणाली, "चालण्यापुरता. बाकी सगळी वाटेची करणी."

मग तिनं त्याच चित्राचं फूरिए रूपांतर केलेलं, म्हणजे त्यातली कुठली वीण किती दाट आहे ते गणितानं वेगळं काढलेलं, दुसरं चित्र लावलं. आधीच्या चित्रातली सगळी गिचमीड गेली आणि काळ्या पटावर एक कमान उभी राहिली. पॅराबोला, शाळेत काढायचो तसला, चांगला रेखीव. मी हातातलं काम सोडून बघत बसले. अशा कमानी पहिल्यांदा २००१ मधे डॅन स्टाइनब्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दाखवल्या. ती दुर्बीण आता नाही, १ डिसेंबर २०२० ला कोसळली. कमानीचा बाक किती, त्यावरून लहरी वाटेत नेमक्या कुठे वळल्या ते काढता येतं. म्हणजे प्लाझ्माचा पडदा आपल्यापासून किती अंतरावर, पल्सारपासून किती. कमान एकच आणि रेखीव असेल तर पडदा एकच आणि पातळ. एकात एक दोन-तीन कमानी असतील तर तितके पडदे. काही चित्रांत मोठ्या कमानीच्या अंगावर लहान लहान उलट्या कमानी लटकलेल्या असतात. त्यांतल्या प्रत्येकीमागे प्लाझ्माचा एकेक सुटा गोळा असतो, सूर्यमालेच्या मापाचा. शेकडो प्रकाशवर्षांवर असलेली, स्वतः काहीही उजेड न देणारी, एवढीशी वस्तू. तिच्यावरून लहर घसरून आली म्हणून कळली.

इथे जाणकारांत एक जुना पेच आहे, आणि तो मला त्या कमानींइतकाच आवडतो. १९४१ मधे कोल्मोगोरोव यांनी खळबळीचं गणित मांडलं. मोठे भोवरे फुटून मधले होतात, मधले फुटून लहान, आणि कुठल्या मापाच्या भोवऱ्यात किती जोर, याचं एक साधं प्रमाण असतं. ते गणित साध्या प्रवाहांचं, चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विरळ प्लाझ्माचं नव्हे. तरी १९९५ मधे आर्मस्ट्राँग, रिकेट आणि स्पँग्लर यांनी पल्सारची लुकलुक, उशीर आणि आणखी बरीच मापं एका कागदावर मांडली, तेव्हा हजार किलोमीटरपासून शंभरेक प्रकाशवर्षांपर्यंत सगळे बिंदू जवळजवळ त्याच एका तिरक्या रेषेवर आले. बारा शून्यांचा पल्ला आणि एक रेघ. असं काही जुळलं की माणसाला वाटतं, आता काम झालं. मग सहा वर्षांत कमानी आल्या आणि म्हणू लागल्या की खळबळ अशी सगळीकडे सारखी नाहीच, ती पातळ पडद्यांमधे गोळा झाली आहे. २०१० मधे ब्रिस्कन आणि मंडळींनी बी०८३४+०६ या पल्सारच्या वळून आलेल्या लहरी कुठून कुठून आल्या ते आकाशात मोजलं, तर त्या एका अरुंद पट्टीत रांगेनं उभ्या. खळबळीतून अशी शिस्त कशी निघेल? काहींच्या मते ह्या चुंबकीय क्षेत्राच्या दुमडलेल्या, सुरकुतलेल्या चादरी आहेत, आणि आपण त्यांच्याकडे जवळजवळ कडेनं बघतो आहोत. तिरकी रेघही खरी आणि पडदेही खरे, आणि दोन्हींना एकाच घरात नांदवणारं स्पष्टीकरण अजून व्हायचं आहे. भाचीला हे अस्वस्थ करतं. मला नाही. एक्स्चेंजमधे वर्षानुवर्षं काम करून एवढं कळलंय की लाइन एकाच कारणानं कधी बिघडत नाही.

पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिथे आम्ही विज्ञान दिनाला जाऊन आलो. नारायणगावातून आत वळलं की टोमॅटोची शेतं, द्राक्षबागा, आणि त्यांच्या मागून अचानक त्या प्रचंड ताटल्या. शाळांच्या बसच्या रांगा, गणवेशातली पोरं, प्रयोगांचे तक्ते, उसाच्या रसाची गाडी. मोबाइल बंद ठेवा म्हणून पाट्या, आणि मुलांना ते काही केल्या झेपत नव्हतं. अशा ३० ताटल्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. जवळ गेल्यावर मात्र त्या ताटल्या राहत नाहीत. जाळी असते ती, तारेची, आरपार आभाळ दिसणारी. भोकं लहरींच्या लांबीपेक्षा कितीतरी लहान असली की लहरीला जाळी आणि पत्रा यांत फरक कळत नाही, वारा मात्र निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. ही दुर्बीण उभी करणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही अक्कल. माझ्या शेजारी एक मुलगी दिसली, सातवी-आठवीची असेल. तिनं माहिती देणाऱ्या दादाला विचारलं, "पण तारा आणि आपण, मधे तर काहीच नाही ना?" तो म्हणाला, "जवळजवळ काहीच नाही," आणि पुढच्या तक्त्याकडे वळला. गर्दी होती, त्याचाही नाइलाज. पण त्या 'जवळजवळ'वर लोकांच्या हयाती गेल्या आहेत, हे मला तिला सांगावंसं वाटलं. तोवर तिच्या बाईंनी शिट्टी वाजवली होती.

खोडदच्या आधी स्वरूप यांनी उटीला दुर्बीण बांधली, १९७० साली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, डोंगराच्या अशा उतारावर की उताराचा कोन आणि त्या जागेचा अक्षांश एकच, सुमारे ११ अंश. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर आणि एकाच दिशेनं फिरवून तारा तासन्‌तास धरून ठेवता येतो. जागा शोधतानाच अर्धं काम डोंगराकडून करून घेतलं. १९९३ ते १९९५ मधे रमेश भट, यशवंत गुप्ता आणि प्रमेश राव यांनी उटीहून १८ पल्सारांची लुकलुक पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने मोजली. लुकलुकणं दर खेपेला वेगळं भरतं, एकदा बघून काहीच कळत नाही, म्हणून हा चिवटपणा. १९९८ मधे त्यांनी निष्कर्ष मांडला की जवळच्या आकाशात खळबळ सारखी पसरलेली नाही. सूर्य एका विरळ पोकळीत आहे आणि त्या पोकळीला खळबळलेल्या प्लाझ्माचं कवच आहे. पोकळी असावी हे क्ष-किरणांवरून आधी माहीत होतं. तिच्या भिंतीची खळबळ लुकलुकण्यावरून उटीच्या डोंगरावर मोजली गेली. सूर्य त्या पोकळीत जन्मला नाही, वाटेत शिरला, आणि ती कोरली गेली तारे फुटून फुटून, गेल्या दीडेक कोटी वर्षांत.

मराठी पेपरांत तेव्हा ही बातमी आली होती का, आठवत नाही. यायला हवी होती. आपण कुठल्या पोकळीत राहतो, याहून घरची बातमी कुठली?

२०२५ मधे त्याच पोकळीची बातमी पुन्हा आली, दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीकडून. जे०४३७-४७१५ हा अगदी शेजारचा मिलिसेकंद पल्सार, म्हणजे काही हजारांश सेकंदांत एक फेरी मारणारा, पाचेकशे प्रकाशवर्षांवरचा. मीरकॅटच्या ६४ ताटल्यांनी त्याची लुकलुक टिपली आणि एकाच पल्सारच्या वाटेवर २५ कमानी निघाल्या. रिकामी समजलेली पोकळी आतून अशी पडद्यांनी भरलेली. त्यांतल्या चार कमानी तर पल्सारच्या अगदी पुढ्यातल्या, तो वेगानं जाताना समोरचा प्लाझ्मा दाबून जो धक्का तयार करतो, त्या धक्क्याच्या पोटातल्या.

आता भाचीच्या त्या पुसलेल्या चढउताराकडे येते, कारण तिच्यावर अन्याय नको. तिच्या गटाला हव्या आहेत गुरुत्वीय लहरी, अतिविशाल कृष्णविवरांच्या जोड्यांच्या. त्या पल्सारच्या ठोक्यांना वर्षानुवर्षांत अब्जांश सेकंदाच्या हिशोबात पुढे-मागे करतात. त्याच्यापुढे प्लाझ्माचा चढउतार म्हणजे डोंगर. जून २०२३ मधे जगभरच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की अशा लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे दिसताहेत, तेव्हा युरोपियन गटाबरोबर आपला भारतीय गटही होता. आणि आपल्याकडून खास काय होतं? तर खालच्या फ्रिक्वेन्सी. सुधारलेली जीएमआरटी ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ एकदम ऐकू शकते. खालच्या फ्रिक्वेन्सीला वाटेतला प्लाझ्मा सर्वांत जास्त छळतो, म्हणून त्याचं माप तिथेच सर्वांत चोख मिळतं. म्हणजे जो भाग सगळ्यांना नको आहे, तो नेमका मोजून देणं हीच खोडदची ताकद. हे मी भाचीला ऐकवलं तेव्हा ती हसली. "मावशी, आम्ही फेकत नाही गं. वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि छापतो पण." तिनं ती फाइल उघडली. तीन रकाने. तारीख, वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप, चूक किती असू शकते. दशांशचिन्हानंतरचे आकडे मोजता मोजता माझी नजर थकली. हे सगळं ती रात्री जागून, मशीन बंद पडल्यावर पुन्हा सुरू करून, खोडदच्या आसपास कुणाची मोटार ठिणग्या टाकत गेली तर तो तुकडा हातानं निवडून काढून करते. माझा फणकारा बराचसा तिथे विरघळला. थोडा राहिला, तो राहू दे.

त्या फाइलींमधे एक मजेदार दिवस सापडलेला आहे. जे२१४५-०७५० हा पल्सार सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या जवळ दिसतो. २०२१ मधे छापलेल्या एका निबंधात जीएमआरटीच्या मंडळींनी दाखवलं की एका निरीक्षणात त्याच्या वाटेतले इलेक्ट्रॉन अचानक वाढले. पल्सार तोच, ताऱ्यांमधला प्लाझ्मा एवढ्या घाईनं बदलत नाही. त्यांचा अंदाज असा की सूर्यानं फेकलेला प्लाझ्माचा एक लोट बरोबर त्या वेळी मधून आडवा गेला. म्हणजे केंब्रिजच्या शेतात सूर्याचा प्लाझ्मा बघायला दुर्बीण मांडली तर पल्सार सापडला, आणि खोडदच्या रानात पल्सार बघायला दुर्बीण लावली तर सूर्याचा प्लाझ्मा येऊन उभा राहिला. टायमिंगवाल्यांच्या दृष्टीनं ते निरीक्षण बाद. सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीनं तेवढंच कामाचं. मी भाचीला विचारलं, तुझ्या हातात असतं तर तू त्या दिवसाचं काय केलं असतंस?

"दोन्ही पेपरांत नाव घातलं असतं," ती म्हणाली.